चार जाळ्या

"जित्तीच पुरताय का मला?" म्हणत हौसाक्का टेबलावरून उतरली आणि अनवाणीच दाराकडं निघाली. तिच्या गालांवरून कोमट पाणी ओघळत होतं. मागं सोनवणे हातात पांढरी जाळी धरून उभा, आणि दारात मी आडवा. तिला अडवावं की वाट द्यावी, हे मला कळेना.

सोनवणे हा तिथला टेक्निशियन. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, दोनच मिनिटं राहिली होती. आता परत पहिल्यापासून करावं लागेल."

नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यातली ही गोष्ट, बावीस वर्षांपूर्वीची. माझ्या बहिणीच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली होती. तीस वर्षं मिश्री लावली, तिचं फळ. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. तेहतीस शेक द्यायचे ठरले होते, आठवड्याचे पाच. रेडिएशनला तिथं सगळे शेकच म्हणत. डॉक्टर पाटणकरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तेहतीस पूर्ण झाले तर आशा आहे. मध्ये खाडा पडला तर गाठ पुन्हा अंग धरते. काहीही करा, पण खाडा पडू देऊ नका."

शेक नेमक्या जागी बसायचा तर डोकं तसूभरही हलून चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या मापाची वेगळी जाळी करत. भोकाभोकांचं प्लॅस्टिक गरम पाण्यात सोडायचं, ते उकडलेल्या पापडासारखं लुळं पडलं की तोंडावर ताणून बसवायचं. गार झालं की चेहऱ्याचा कडक साचा तयार. रोज तो तोंडावर चढवून त्याच्या कडा टेबलाला अडकवायच्या आणि खोलीत पेशंटला एकट्याला ठेवायचं. जाळी करताना मी तिथंच उभा होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं.

हौसाक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. नवऱ्याकडं दोन वर्षं नांदली, परत आली ती कायमची. मी चित्रकलेचा मास्तर झालो तो तिच्या जिवावर. मे महिन्याची सुटी होती म्हणून दवाखान्याच्या धर्मशाळेत तिच्यासोबत मी राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझा हात धरून तिनं जाळी करून घेतली. पण आठ-दहा दिवसांनी शेक सुरू झाले, तर पहिल्यालाच चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्याला ती आत ओकली. चौथ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "काशा, घरी चल. मेले तर आपल्या वट्यावर मरंल. त्याच्या आत मी माझी राहत नाय."

"आक्का, सोंग घेतलंय असं समज."

"सोंगाला रंग असतो. ह्ये मढ्याचं तोंड हाय."

तिचं बरोबर होतं. आमच्या गावात बोहाडा असतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात, लाकडाची, कागदाच्या लगद्याची. आमचे वडील, आबा, ती सोंगं करायचे आणि चिंचोक्याची खळ शिजवायची हौसाक्का. ती खळ शिजवून तिचे हात भाजायचे, पण सोंग तोंडावर चढवायचं भाग्य नाही. बाईनं सोंग घ्यायचं नसतं. देवीचं सोंगसुद्धा मिशी भादरून पुरुषच घेतो. यावरून तिनं लहानपणी आबांचं डोकं खाल्लेलं मला आठवत होतं.

त्याच दुपारी मी पाटणकरबाईंकडं गेलो. जाळी रंगवू का, विचारलं. बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाळी त्यांचीच आहे. पण सोनवण्यांनी टेपचे क्रॉस लावलेत ना, त्यांच्या खुणांवर मशीन लागतं. त्यांना धक्का लागला तर मी तुम्हाला सोडणार नाही."

शुक्रवारी शेवटचा पेशंट झाल्यावर सोनवण्यानं जाळी माझ्या हातात दिली. शनिवारी सकाळी धर्मशाळेच्या पडवीत मी रंगाचे डबे उघडले, तर शेकाच्या बाकड्यावरची सगळी मंडळी गोळा झाली. निफाड डेपोचे गांगुर्डे कंडक्टर, स्वरयंत्राला गाठ, आवाज म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा. तरी बोलायची हौस दांडगी. रोज बाकड्यावर रुमाल टाकून हौसाक्काची जागा धरायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, "पुढं सरका, पुढं जागा आहे." मालेगावच्या हमीदाबी, लूमवर कांड्या भरण्यात जन्म गेलेला. आणि सटाण्याचे कांद्याचे व्यापारी देवरे, त्यांचा मुलगा प्रशांत सोबतीला. देवऱ्यांचे बावीस शेक झाले होते. सगळ्यांत जुने म्हणून त्यांचा मान.

मी ब्रश हौसाक्कापुढं केला. तिनं तो मागं सारला.

"ज्याचं सोंग त्यानं रंगवू नये. आबांनी शिकवलं न्हाय व्हय तुला?"

"मग कोण रंगवणार?"

"हे बसलेत की तिघं. हात काय आजारी न्हाईत त्यांचे."

गांगुर्डे पुढं सरकले. "काय करू, हौसाताई? देवी करू?"

"देवी नको. देवीपुढं सगळे मागायला येत्यात. राक्षसीण करा. तिच्याकडं कोण काय मागत न्हाय."

देवरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तिघांनी मिळून ती जाळी रंगवली. गांगुर्ड्यांनी एसटीचा लाल दिला, त्यांना दुसरा लाल ठाऊकच नव्हता. देवऱ्यांनी हात थरथरत असताना सुळे काढले, एक लांब, एक आखूड. हमीदाबी म्हणाल्या, "मी चेहरा नाही काढणार, आमच्यात चालत नाही. किनार काढते." त्यांनी कपाळावर लुगड्याच्या काठाची वेल काढली, अशी सरळ की माप घेतल्यासारखी. मी फक्त टेपचे क्रॉस सांभाळत बसलो. प्रत्येक क्रॉसवर मी बोट ठेवून होतो. हौसाक्काला तिकडं बघायची बंदी होती, ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिली, "दात झाले का?"

रंग ऑइलपेंट होता. दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी सोमवारी सोनवण्याच्या हाताला लाल लागला. पण शेक बारा मिनिटांत झाला. हौसाक्का बाहेर आली ती पदर सावरत, बाजार करून आल्यासारखी.

"कसं वाटलं आत?" देवऱ्यांनी विचारलं.

"सोनवण्या मला भ्यालाय," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती एकदाही घरी चल म्हणाली नाही. पाच दिवस, पाच शेक. तिचे दहा झाले. जेवण जात नव्हतं, तोंड आतून सोललं होतं, पण सकाळी सगळ्यांत आधी बाकड्यावर जाऊन बसायची. मला वाटलं, आपण जिंकलो. चित्रकला शिकवून इतकी वर्षं जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं, असं मला वाटलं. पाटणकरबाई येता-जाता "काय मास्तर" म्हणू लागल्या. वॉर्डातल्या नर्स, वॉर्डबॉय जाळी बघून जात. मला ते फार आवडत होतं, हे आज कबूल करायला हवं.

मग बाकीच्यांनाही आपापल्या जाळ्या रंगवून हव्या झाल्या. पुढच्या शनिवारी चारही जाळ्या पडवीत आल्या. हौसाक्कानं गांगुर्ड्यांच्या जाळीवर भल्या मोठ्या मिशा काढल्या. गांगुर्डे आणि देवरे यांनी हमीदाबींच्या जाळीवर मोर काढायला घेतला आणि तो शेवटी कोंबडा झाला. हमीदाबी म्हणाल्या, "चालेल, कोंबडा लवकर उठतो." सगळ्यांना चेव आला होता, त्यात रंग जाड बसला.

रविवारी सकाळी बोट लावून पाहिलं, रंग ओलाच. उद्या सोनवण्याचे हात परत भरणार, तो कुरकुरणार. आबा म्हणायचे, सोंगाला दोन्ही अंगांनी ऊन दाखवावं. मी चारही जाळ्या उचलल्या आणि धर्मशाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची शेड होती तिच्यावर मांडल्या. गांगुर्डे, हमीदाबी, देवरे आपापल्या खोल्यांत पडून होते. हौसाक्का तेवढी जिन्यात उभी होती.

"काशा, ऊन लई न्हाय व्हायचं?"

"आबांची पोर तू, आणि उन्हाला भितेस?" मी म्हणालो.

ती जिना उतरून गेली. मी जेवलो आणि झोपलो.

पाच वाजता वर गेलो तेव्हा पत्र्याला हात लावून पाहिला तर हात मागं घ्यावा लागला. जाळ्यांच्या हनुवट्या बसल्या होत्या. हौसाक्काच्या जाळीचं नाक एका अंगाला कललं होतं. गरम पाण्याचा ट्रे, लुळं पडलेलं प्लॅस्टिक, सगळं मला तेव्हा आठवलं. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि सकाळी ते डोक्यात आलं नव्हतं. मी तिथंच बसून एकेक जाळी हातानं दाबून, ओढून सारखी केली. बरी दिसायला लागली. बसेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाला काही बोललो नाही.

सोमवारी पहिला नंबर देवऱ्यांचा. सत्तावीस झालेले, फक्त सहा राहिलेले. ते आत गेले आणि पाच मिनिटांत सोनवणे जाळी घेऊन बाहेर आला. त्यानं बाकीच्या तीन आत नेऊन फ्रेमवर लावून पाहिल्या. परत बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ह्या तापल्यात," तो म्हणाला. "एकही बसत नाही. कुणीतरी उन्हात ठेवल्या."

पाटणकरबाई आल्या. त्यांनी जाळ्या हातात फिरवून पाहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "चौघांच्या जाळ्या नव्यानं. स्कॅन नव्यानं, मापं नव्यानं. ती मापं काढणारे फिजिसिस्ट गुरुवारी येतात. दहा-अकरा दिवस तरी जातील."

"दहा दिवस?" प्रशांत देवरे उठला. "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं एक दिवस खाडा नको. दादांचे सहाच राहिलेत." आणि त्यानं सोनवण्याची कॉलर धरली. "कुणी ठेवल्या उन्हात? तुझ्या ताब्यात असायला हव्यात ना?"

सोनवण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार होतो. असं मी बावीस वर्षं म्हणत आलोय की मी उघडणारच होतो.

"म्या ठेवल्या," हौसाक्का म्हणाली.

ती बाकड्यावरून उठून उभी राहिली होती. "ओल्या हुत्या म्हणून ठेवल्या. मला काय ठावं, अडाणी बाई मी."

प्रशांतनं कॉलर सोडली. आजारी म्हाताऱ्या बाईची कॉलर धरता येत नाही. गांगुर्डे मात्र माझ्याकडं वळले. त्यांच्या त्या हवेच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही नव्हता का तिथं?"

"त्यो बाजारात गेलता," आक्का म्हणाली. "व्हय ना रं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. होकाराची.

एवढंच केलं मी. एक शब्दही खोटा बोललो नाही, नुसती मान हलवली.

संध्याकाळी धर्मशाळेच्या नळावर ती चूळ भरत होती. पाण्यात रक्त येत होतं. मला म्हणाली, "त्या पोराचा राग बघितलास न्हवं? तुला तितंच झोडला असता. दोन दिवस जाऊ दे. राग निवला की बाईंना सांगून टाक. त्या मंडळींनाबी सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

दोन दिवस गेले. चार गेले. नव्या जाळ्या झाल्या, नवे क्रॉस लागले, अकराव्या दिवशी शेक परत सुरू झाले. देवरे आले नाहीत. प्रशांत त्यांना मुंबईला घेऊन गेला असं कळलं, आणि महिनाभरानं ते गेल्याचंही कळलं. ते खाड्यानं गेले की जाणारच होते, हे पाटणकरबाईंनाही सांगता आलं नसतं. पण बाकड्यावर सगळ्यांनी ते ठरवून टाकलं होतं.

कुणी शिवी दिली असती तर परवडलं असतं. बाकड्यावर हौसाक्का जिथं बसायची त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहू लागली. गांगुर्डे दुसऱ्या बाकावर जाऊन बसले, भिंतीकडं तोंड करून. हमीदाबी सलाम करायच्या, पण डबा उचलून पलीकडं सरकायच्या. नव्या आलेल्या पेशंटना कुणीतरी हळू आवाजात सांगायचं आणि तेही बघायचे. नव्या जाळ्या पांढऱ्याच राहिल्या. रंगाचे डबे माझ्या खाटेखाली होते, मी ते काढले नाहीत.

"सांगितलंस का रं?" तिनं एकदा विचारलं.

"उद्या."

दुसऱ्या वेळेलाही मी उद्या म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नुसती रोज सकाळी बाकड्यावर बसल्यावर माझ्याकडं बघायची, मग मांडीवरच्या हातांकडं. मी सोनवण्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. मला भीती वाटत होती का? प्रशांत तर निघून गेला होता. खरं सांगायचं तर ते सगळे मला अजून मास्तर म्हणत होते. गांगुर्डे मला चहा विचारायचे. तो चहा सोडवत नव्हता. इतकं हलकं कारण होतं, आणि त्याच्यावर मी माझी बहीण ठेवली.

एकोणीस शेक झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खाटेवरून उठली नाही.

"आक्का, नंबर लागेल."

"लागू दे."

"जाळीचं भ्या वाटतंय का?"

"जाळीचं कुठलं भ्या आता. ती बरी. तिच्या आत कुणी बघत न्हाय." तिला बोलताना त्रास होत होता, शब्द तुटत होते. "त्या बाकड्यावर मला बसवत न्हाय, काशा. घरी चल."

"मी आज सांगतो. आत्ता जातो, सगळ्यांसमोर सांगतो. तू चल फक्त."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. लहानपणी मी शाळा बुडवून आलो की ती बघायची तसंही नव्हतं. अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"आता सांगून काय? आता त्यांना वाटंल, म्याच तुला शिकवून धाडला."

मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "गाडी किती वाजता हाय?"

पाटणकरबाईंनी समजावलं, रागावल्या, मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "चौदा राहिलेत. तुम्ही तिला तयार करा. तुमचं ऐकेल ती." माझं ऐकेल. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. कागदावर सही करून आम्ही निघालो. शेकाच्या दारावरून जाताना बाकड्यावरचं कुणी उठलं नाही. हमीदाबींनी हात अर्धा वर केला आणि परत मांडीवर ठेवला.

गाठीनं अंग धरलं. श्रावणात पाणी गिळणं बंद झालं, अश्विनात ती गेली. शेवटचा महिना तिला बोलता येत नव्हतं, त्यामुळं तिनं मला काही म्हटलं नाही. म्हणाली असती असंही नाही.

सहा वर्षांनी पिंपळगावच्या एसटी स्टँडवर कुणीतरी माझा खांदा धरला. वळून पाहिलं तर गांगुर्डे कंडक्टर. गळ्याशी भोक पाडलेलं, त्याच्यावर पांढऱ्या कापडाचा पडदा. गाठ परत आली होती, स्वरयंत्र काढून टाकलं होतं. तो हवेचा आवाजही आता नव्हता. दोरीनं गळ्यात अडकवलेली लहान पाटी होती, खिशात पेन्सिल. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला होता, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हमीदाबी धडधाकट आहेत, ईदला शिरखुर्मा पाठवतात, हे त्यांनी लिहून सांगितलं. मग हौसाक्काचं विचारलं. गेली म्हणालो, त्याच वर्षी.

त्यांनी पेन्सिल परत हातात घेतली. मग हळूहळू लिहिलं आणि पाटी माझ्याकडं फिरवली.

"खाड्यानं माझा आवाज गेला. फार राग होता. आता नाही. त्यांना माफ केलं."

अक्षर सुरेख होतं, एकेक काना सरळ. स्टँडवर गर्दी नव्हती. माझी गाडी लागायला वीस मिनिटं होती. त्या माणसाला ऐकू नीट येत होतं.

"बरं केलंत, कंडक्टर," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत दाबला. मग बाहीनं पाटी पुसली आणि तिच्यावर लिहिलं, "चहा?"

आम्ही कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.